पाटलाचे पाय

पाटलानं स्वतःच्या वहाणा कधी स्वतःच्या हातानं उचलल्या नाहीत, आणि याचा त्याला भारी अभिमान. लोक केलेली कामं मिरवतात, हा न केलेली मिरवायचा. पाण्याचा तांब्या हाताशी असला तरी हाक मारणार. टोपी डोक्यामागच्या खुंटीवर असली तरी हाक मारणार. एकदा माझ्यादेखत त्याच्या नाकावर माशी बसली, तर मला वाटलं, आता हा माशीसाठीही हाक मारतो का काय! हाक ठरलेली, "किसन!" आणि मागून उत्तरही ठरलेलं, "आलंच, मालक!"

आमची गाठ पडली ती शहरात शहागंजाच्या अंगाला, एका धर्मादाय दवाखान्यात. फुफ्फुसं कामातून गेलेल्या लोकांकडून तिथं कसरत करून घ्यायचे. वर्ग वरच्या मजल्यावर. ज्यांना चार पायऱ्यांत धाप लागते त्यांचा वर्ग वर ठेवायची अक्कल ज्या कुणी लढवली, त्याच्या छातीवर एक सिमेंटची गोणी बांधून त्याला तो जिना एकदा चढवायला पाहिजे. मी कठडा धरून, मध्ये मध्ये थांबून, दवाखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वर गेलो. पाटील खुर्चीत बसून वर आला. खुर्ची एका अंगानं किसननं उचललेली, दुसऱ्या अंगानं वॉर्डबॉयनं. वर आल्यावर घाम किसनला फुटला होता आणि "हुश्श" पाटील म्हणाला.

किसन परत खाली गेला आणि सामान घेऊन आला. पाण्याची बाटली, ओढायचा पंप, शाल, पानाचा डबा आणि एक तक्क्या. प्लास्टिकच्या खुर्चीला तक्क्या लावून बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वरून बघाल तर गडी भरदार. खांदे रुंद, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज असा की खालच्या औषधाच्या दुकानात ऐकू जावा. पण धोतर जरा वर सरकलं की खाली कडब्याची दोन धाटं. मी मनात म्हटलं, हा वाडा नुसता दर्शनी भिंतीवर उभा आहे.

फिजिओवाल्या मॅडम वयानं आमच्या नातीएवढ्या, पण कुणाच्या मिशांना भिणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पाटलाच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "हात छातीवर घ्या. आता कुठंही हात न टेकता उभं राहायचं, परत बसायचं. मी थांबा म्हणेपर्यंत."

पाटलानं मान न वळवता हुकूम सोडला, "किसन, ऊठ."

"आलंच, मालक." किसननं शेजारची खुर्ची ओढली, हात छातीवर बांधले आणि लागला उठबशा काढायला. इंजिनाचा दांडा फिरावा तसा माणूस वरखाली होत होता. हॉलमध्ये ज्यांना हसायचं बळ होतं ते हसले. आमचं हसणं कसं, शेवटी खोकल्यातच जातं. बराच वेळ सगळा हॉल खोकत बसला.

मॅडम म्हणाल्या, "पाटील, हे तुम्ही करायचंय."

"अहो, माझं समदं तोच करतो. आजवर एक काम अडलं नाय."

"मग श्वासही त्यालाच घ्यायला सांगा."

पाटील लाल झाला. हात छातीवर बांधून त्यानं जोर लावला. अर्ध्यात गेला, थरथरला आणि धप्पकन परत तक्क्यावर. पुन्हा एकदा करून बघितलं. पुन्हा धप्प. मग सगळ्यांकडं असं बघितलं की जणू चूक आमचीच, आणि म्हणाला, "खुर्ची बुटकी आहे."

मला तो पहिल्या दिवशीच "ए वाळूज!" म्हणाला. मी राहतो बजाजनगरात. वाळूजच्या एका फाउंड्रीत जन्म काढला, साच्याची वाळू छातीत भरून घेतली, वरून विडी. माझं नाव त्यानं कधी विचारलं नाही. मी म्हटलं, "बोल, करमाड!" किसनचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या मालकाला अरे-तुरे करणारा माणूस त्यानं बहुतेक पहिल्यांदाच बघितला असावा. करमाडच्या थोडं पुढं यांचं गाव. तिथं पाटलासमोर लोक वहाणा हातात घेऊन चालायचे म्हणे. मी म्हटलं, इथं वहाणा सगळ्यांच्याच जिन्याखाली काढलेल्या आहेत, आणि इथं मोठा कोण ते बोटाचा चिमटा ठरवतो. त्या दिवशी माझा आकडा त्याच्यापेक्षा वर होता. ते मी मुद्दाम दोनदा मोठ्यानं वाचलं.

आजाराबद्दल पाटलाचं एक दुखणं होतं. "तुला झाला, ते मी समजू शकतो," तो मला म्हणायचा. "तू धूळ खाल्लीस, भट्टी फुंकलीस. कष्टकऱ्याचा रोग आहे हा. मला कसा झाला? मी काय केलंय?"

"विडी ओढलीस ना?"

"विडी ओढणं म्हंजे काय कष्ट हायेत व्हय?"

"तुला नव्हतेच. पेटवून द्यायचा किसन."

यावर किसन मान खाली घालून हसायचा. पेटवून पेटवून त्यालाही काही व्हायला पाहिजे होतं, पण त्याची छाती टणक. रानात राबलेलं अंग. त्या हॉलमध्ये एकच धडधाकट माणूस होता, आणि सगळ्यांत जास्त कसरत तोच करत होता.

मॅडमनी आम्हाला एक गोष्ट समजावून सांगितली. ती मला, दुसरीत शाळा सोडलेल्या माणसाला, लगेच समजली, पाटलाला मात्र पटेना. धाप लागते म्हणून माणूस बसतो. बसला की मांड्यांचं मांस झडतं. मांड्या गेल्या की दोन पावलांनाही अंगाला जास्त हवा लागते, म्हणून धाप आणखी लागते, म्हणून माणूस आणखी बसतो. फुफ्फुस गेलं ते गेलं, ते परत यायचं नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. पण पाय परत आणता येतात, आणि पाय आले की उरलेली हवा पुरवून वापरता येते. पाटील म्हणाला, "रोग छातीत आणि इलाज मांडीला? उद्या दात दुखला तर ढोपर चोळायचं का?" आणि स्वतःच्याच विनोदावर एवढा हसला की पंप ओढायची वेळ आली.

बाटल्यांचंही तसंच. हातात पाण्यानं भरलेली एकेक बाटली घेऊन वरखाली करायची. आमच्या काठोकाठ भरलेल्या, पाटलाची अर्धी. मी हटकलं तर किसन कानाशी येऊन म्हणाला, "दादा, बोलू नका. मालकाला जड होतंय." मी म्हटलं, "अरे, जड व्हावं म्हणूनच देतात ती!" त्याला काही पटलं नाही. पुढच्या खेपेपासून मॅडमनी पाटलाच्या बाटलीत पाण्याऐवजी वाळू भरली. किसन दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

पाटलाच्या घरी गेलो तेव्हा कळलं, किसन एकटाच नव्हता. पाटलाची पोरं सिडकोत बंगला बांधून राहायची, नोकऱ्या चांगल्या. रीतभात एवढी की बघत राहावं. बापासाठी पलंग उंच करून घेतलेला, संडासात दांड्या, हॉलमध्ये एक खुर्ची अशी की बटण दाबलं की तीच माणसाला उभं करते. पाटील पाण्याकडं नुसतं बघायचा आणि सून पेला त्याच्या ओठाला लावायची. जरा हालला की तिन्ही बाजूंनी आवाज, "बसा आबा!" "तुम्ही बसा मामा!" "बसा, मी देते!" देवाचं नाव त्या घरात एवढ्या वेळा घेतलं गेलं नसेल.

मी म्हटलं, "पाटील, तुला वाघानं खाल्लं असतं तर निदान पेपरात आलं असतं. तुला या 'बसा'नं खाल्लं."

सून फणकारली. "काका, त्यांना धाप लागते."

"लागू द्या की. धापेनं माणूस मरत नाही बाई, बसून मरतो."

"तुमच्या घरी नसेल कुणी करणारं."

"नाही ना! म्हणून तर मांडीला चार बोटं मांस राहिलंय." मी पँट ओढून दाखवायला निघालो, तेव्हा ती आत गेली. दुसऱ्यांदा चहा विचारला नाही. पाटील मात्र त्या उठवणाऱ्या खुर्चीत मिशीतल्या मिशीत हसत होता. मला सोडायला फाटकापर्यंत स्वतः चालत आला. मध्ये दोनदा थांबला, पण आला. घरातून पाठोपाठ "मामा, बसा!" येतच होतं.

एकदा दवाखान्याखालच्या टपरीवर चहा पिताना किसननं मला खरी गोष्ट सांगितली. गावात कुणी गेलं की त्या घरी बसायला जायचं, ही आपल्याकडची रीत. सतरंजीवर मांडी घालून बसायचं, गेलेल्याचे चार शब्द काढायचे आणि उठायचं. निघताना "येतो" म्हणत नाहीत. नुसतं उठायचं, तेच निघणं. पाटील तालेवार माणूस, गावात कुणाचंही मयत झालं तरी पहिला जाऊन बसणार. तर एका घरी तो बसला आणि त्याला उठताच येईना. दोन्ही हात टेकले, तरी नाही. शेवटी चौघांनी बगला धरून उचललं. त्या घरातून एक जण आदल्याच दिवशी चौघांनी उचलून नेला होता. कोपऱ्यातली कुणीतरी बाई पदराआड खुदकन हसली. "त्या दिवसापासून मालक कुणाच्या दारात बसायला गेले नायत," किसन म्हणाला. "सख्खा मेव्हणा गेला तरी नाय. गाव म्हणतं, पाटलाला माज आलाय. मालक म्हणतात, म्हणू दे. माजलेला म्हणा, पण दुबळा म्हणू नका."

हे कळल्यावर मी गप्प बसेन, तर मी कसला! दुसऱ्या दिवसापासून मी पाटलाला एकच विचारायला लागलो. "काय करमाड, आज खाली बसायलास का?" तो शिव्या घालायचा आणि रागारागात उठबशा काढायचा. हात न टेकता एक निघाली. मग थोड्या निघायला लागल्या. औषधानं जे केलं नाही ते अपमानानं केलं. किसन शेजारच्या खुर्चीत बसून त्याच्याबरोबर वरखाली व्हायचा आणि पाटील मध्येच लटकला की हळूच म्हणायचा, "आलंच, मालक. आलंच."

पोळ्याला किसन गावी गेला. बैल धुतले, सजवले, वेशीतून मिरवून आणले. पुरणाचं जेवण करून ओसरीवर आडवा झाला तो उठलाच नाही. सगळ्या वर्गात ज्याच्या मांड्या भक्कम, छाती भक्कम, ज्याला आजारच नव्हता, तो गेला. आणि आम्ही सगळे फुटके भाते मागं राहिलो.

मला हे ठाऊक नव्हतं. मी दवाखान्यात गेलो तर जिन्याच्या मधल्या पायरीवर पाटील बसलेला. एकटा. हातात स्वतःची बाटली. ओठांचा चंबू करून, मॅडमनी शिकवली होती तशी, गरम दुधावर घालावी तशी फुंकर घालत होता. मी विचारलं, "किसन कुठाय? खाली?" त्यानं बोट वर केलं. मला वाटलं, वरच्या मजल्यावर. मी चार पायऱ्या चढलो आणि मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. परत खाली उतरलो आणि त्याच्या शेजारी बसलो. नंतर दोघं कठडा धरून वर गेलो. तो तक्क्या कुठं गेला, मी विचारलं नाही.

वर जाऊन त्यानं मॅडमना सांगितलं, "मला जमिनीवरून उठायचं शिकवा. तेराव्याच्या आत."

मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात मांडीला मांस येत नसतं. पण एक युक्ती आहे. मांडीवरून एकदम उठायला जाऊ नका. आधी कुशीवर वळा, मग दोन हात आणि दोन गुडघे टेका. एक पाऊल पुढं घ्या, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवा, फुंकर सोडत वर या."

"म्हंजे रांगू?" पाटील म्हणाला. "मी? चार पायांवर? अख्ख्या गावासमोर?"

"मग खुर्चीवर बसा. तुमचं वय आहे, आजार आहे, कुणी काही म्हणणार नाही."

पाटील म्हणाला, "किसनच्या घरात खुर्ची नाय. कुणीतरी पळत जाऊन माझ्यासाठी आणील. त्याची बाई खाली बसणार, आणि मी तिच्या समोर खुर्चीवर?" मग आवाज चढवून, "तो माणूस जन्मभर माझ्या पायाशी बसला. एक डाव मला त्याच्या घरी खाली बसता येऊ नाय?"

हॉलमध्ये एक चादर बांधली, कारण बायकांसमोर रांगायला पाटलाची तयारी नव्हती. चादरीमागून रोज आवाज यायचे. आधी मॅडमचा, मग म्हैस चिखलात लोळावी तसा धपाका, मग अशी एक शिवी की बायकांसमोर रांगला असता ते परवडलं असतं. मी चादरीच्या अलीकडून सगळ्यांना हाल सांगायचो. "आता कुशीवर वळायलाय. आता चार पायांवर आला. आता विचार करायलाय." पाटील पलीकडून ओरडायचा, "वाळूज, तुझ्या बारशाला जेवलोय मी!" त्यातच त्याचा दम संपायचा आणि मॅडम मला बाहेर काढायच्या.

तेराव्याच्या आधी त्याचा फोन आला. "उद्या माझ्याबरोबर गावी चल."

"पोरं आहेत की तुझी. गाडी आहे."

"पोरं नकोत. मी जरा हाललो की उचलतील मला. तू चल. तू हात द्यायचा नाहीस, तेवढा हलकट मला ओळखीत दुसरा नाय."

एवढं मानानं मला जन्मात कुणी बोलावलं नव्हतं. शहागंजातून रिक्षा ठरवली. रिक्षावाला आम्हा दोघांच्या धापा ऐकून आरशातून सारखा बघायचा. जालना रोडला लागल्यावर न राहवून म्हणाला, "चाचा, दवाखाना पीछे छूट गया." पाटील म्हणाला, "तू सामने देख." शेंद्र्यापर्यंत दोघंही बोललो नाही. बोलायला लागणारी हवा जपून ठेवली होती.

किसनचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. दारात माणसं. पाटील उतरलेला दिसला आणि एक जण धावत सुटला आणि कुठूनतरी लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला, फडक्यानं पुसली, मध्यभागी ठेवली. किसनची बायको गयाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. पाटलानं वहाणा काढल्या, आत आला, खुर्चीकडं बघितलं.

"ने ती."

"मालक, तुमची तब्येत..."

"ने म्हणतो ना."

आणि दाराची चौकट धरून, मग भिंत धरून, तो सतरंजीवर बसला. बसणं सोपं असतं. खाली जायला जमीनच मदत करते. मीही बसलो. गयाबाई उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि सवयीनं पेला भरून पाटलाच्या हातात द्यायला वाकली. पाटलानं तांब्या तिच्या हातातून घेतला, खाली ठेवला, आपला पेला आपण भरून घेतला. थोडं सांडलं. सगळे सांडलेल्या पाण्याकडं बघत राहिले.

मग गयाबाईच बोलली. "शहरातून आले की हसवायचे आम्हाला. म्हणायचे, तिकडं मालकाच्या वाटच्या उठबशा मीच काढतो. उद्या मालकाला भूक लागली की जेवून पण मीच घेतो." दारातलं कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. मयताच्या घरात सगळे हसले, गयाबाईही पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसताच रडायला लागली. पाटील म्हणाला, "लई झ्याक काढायचा. माझ्यापेक्षा झ्याक." एवढंच. त्याला भाषण करायचं होतं, रिक्षात मनातल्या मनात ओठ हालवत आला होता. तेवढ्यावर संपलं.

चहा झाला. आता निघायचं. आणि "येतो" म्हणून वेळ काढायची सोय नाही, उठायचंच.

पाटलानं माझ्याकडं बघितलं. मी पत्र्याकडं बघितलं. तो कुशीवर वळला. दोन माणसं पुढं झाली. मी म्हटलं, "कुणी हात लावू नका त्याला." लोकांनी माझ्याकडं असं बघितलं की हा मालकाचा कुठला जन्माचा वैरी. पाटील दोन हातांवर, दोन गुडघ्यांवर आला. गावचा पाटील चार पायांवर, टोपी घसरून भुवईवर आलेली. सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. कुणी हसलं नाही. एक पाऊल पुढं आलं. दोन्ही हात त्या गुडघ्यावर गेले. फुंकर सोडली, जोर लावला, आणि तिथंच अडकला.

वर येईना, खाली जाईना. गळ्याच्या शिरा ताठ, छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. मांडी अशी थरथरत होती की धोतर हालत होतं. माझा हात पुढं निघाला होता. मी तो ओढला, मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसलो.

तेव्हा भिंतीजवळून, अगदी हळू, गयाबाई म्हणाली, "आलंच, मालक."

पाटील उठला. कसा ते मला सांगता येणार नाही. मी बघतच होतो तरी सांगता येणार नाही. उभा राहिला, टोपी सरळ केली आणि कुणाकडंही न बघता दारातून बाहेर पडला. बाहेर भिंतीला हात लावून वाकला आणि आपल्या वहाणा स्वतः सरळ केल्या.

रिक्षात बसल्यावर दम परतला तसा माझ्यावर तुटून पडला. "हलकटा! माणूस मरायला टेकला होता तिथं! हात द्यायला काय झालं होतं तुला?"

"दिला असता तर?"

"दिला असता तर तोडला असता!" म्हणाला, आणि तोंड बाहेर करून बसला. करमाड मागं पडेपर्यंत डोळे पुसत होता. वारं लागतंय म्हणाला. रिक्षाला त्या बाजूनं पडदा होता.

त्यानंतर पाटलाला नादच लागला. मधल्या काळात ज्या ज्या घरी बसायला जायचं राहिलं होतं, त्या सगळ्या घरी तो जायला लागला, मला साक्षीला घेऊन. कुठं माणूस जाऊन वर्ष झालेलं, कुठं त्याहून जास्त. लोकांची दुःखं वाळून गेलेली. एका घरात तर आम्ही पोहोचलो तेव्हा थोरलीची सुपारी फुटत होती. पाटील तसाच आत गेला, पाहुण्यांच्या मध्ये सतरंजीवर बसला, गेलेल्या म्हाताऱ्याचे चार शब्द काढले, रांगला, उठला आणि निघाला. नवरदेवाकडचे बघतच राहिले. मेव्हण्याच्या घरी बहीण म्हणाली, "आता आठवण आली व्हय रे दादा?" पाटील म्हणाला, "आठवण तवाच आली व्हती. पाय आत्ता आले."

घरी त्यानं ती बटणाची खुर्ची गच्चीवर ठेवायला लावली. सुनेनं मला दोष दिला. पाणी तो स्वतः घ्यायचा, सांडायचा, आणि पुसायला मात्र हाक मारायचा. माणूस एकदम सगळाच कसा सुधारेल!

फुफ्फुसांनी त्यांचं जे करायचं ते केलंच. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. थंडीत छातीत कफ भरला आणि पाटील दवाखान्यातच गेला. शेवटचं भेटलो तेव्हा तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "काय करमाड, आज खाली बसायलास का?" त्यानं मास्क बाजूला केला. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलणार. त्यानं शिवी घातली. चांगली, भरघोस, बाराखडीत न बसणारी. नर्स धावत आली.

सिडकोच्या बंगल्यावर मी बसायला गेलो. पोरांनी मांडवच घातला होता, खाली गालिचा आणि वर पांढरे अभ्रे घातलेल्या खुर्च्यांच्या रांगा. सगळे खुर्च्यांवर. सून म्हणाली, "काका, वर बसा." मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्यानं मला वर बसायला शिकवलं नाही," आणि गालिच्यावर बसलो. सगळ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर माझं डोकं. पाटलाचा फोटो समोर, तक्क्याला टेकून काढलेला. मी चार शब्द काढले. चांगले काढले, पण पाटलाला आवडले नसते.

मग उठायला निघालो. कुशीवर वळलो. चार पायांवर आलो. खुर्च्यांवरच्या बायका कुजबुजल्या. एक पाऊल पुढं घेतलं, गुडघ्यावर हात ठेवले आणि मधेच अडकलो. वाळूजची सगळी वाळू एकदम छातीत सरकली. पाटलाचा थोरला धावत आला. हात पुढं केला. "काका, धरा."

मी मानेनंच नको म्हटलं. गयाबाई तिथं नव्हती, किसन तर केव्हाच गेलेला. म्हणून मीच म्हटलं, मोठ्यानं, त्या फोटोकडं बघत, "आलंच."

उठलो. "येतो" म्हणायचं नसतं, म्हटलं नाही. फाटकापर्यंत चाललो, मध्ये दोनदा थांबलो. वहाणा सरळ केल्या आणि सवयीनं शेजारी बघितलं. शिवी घालायला कुणी नव्हतं.